विकला जाईल असा वेबलेख

मराठी लेखाला पैसे कोण देतं, हा प्रश्न लिहायला बसण्याआधी विचारायचा असतो. बहुतेक जण तो लेख लिहून झाल्यावर विचारतात, आणि मग तो लेख ईमेलमधून दारोदार फिरत राहतो. वेबसाठी पैसे मोजून मजकूर घेणारे ढोबळमानाने तीन प्रकारचे. पहिली बातम्यांची पोर्टल्स: त्यांना रोज पानं भरायची असतात, घाई फार आणि दर बेताचे. दुसऱ्या कंपन्या आणि संस्था: ठिबकवाले, बियाणं-खतवाले, बँका, विमा कंपन्या, रुग्णालयं, स्पर्धापरीक्षांचे क्लास, कोकणातले होम-स्टे. तिसऱ्या या सगळ्यांच्या मधल्या कंटेंट एजन्सी. त्या कंपनीकडून काम घेतात आणि तुमच्या-आमच्याकडून लिहून घेतात.

ही मंडळी मराठीकडे वळली ती काही भाषेच्या प्रेमापोटी नव्हे. केपीएमजी आणि गुगल यांच्या २०१७ च्या अहवालात २०१६ साली भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे २३.४ कोटी आणि इंग्रजीतून वापरणारे १७.५ कोटी असा अंदाज होता. गिऱ्हाईक आपल्या भाषेत शोधतंय, हे कंपन्यांना त्या आकड्यांत दिसलं. रात्री जेवणं झाल्यावर सांगोल्याचा एखादा डाळिंबवाला मोबाइलवर एक प्रश्न टाइप करतो, त्याला एका कंपनीच्या पानावर नीट उत्तर सापडतं, आणि महिन्याभराने ठिबकचा फिल्टर घ्यायची वेळ आली की त्याला तेच नाव आठवतं. कंपनी तुम्हाला पैसे देते ते या साखळीसाठी. तुमची शैली, तुमचे अलंकार, तुमची लेखनसाधना यांच्याशी तिला कर्तव्य नाही. ऐकायला रुक्ष वाटेल, पण हे एकदा मान्य केलं की पुढची कितीतरी कामं सोपी होतात.

या बाजाराचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण जुन्या काळात चालणारे लेख लोक अजून लिहितात. इंग्रजीत २००० नंतरच्या दशकात लेखांचे अक्षरशः कारखाने निघाले. टेक्स्टब्रोकर, असोसिएटेड कंटेंट, डिमांड मीडियाचं ईहाऊ अशा ठिकाणी लेखक थोड्याशा डॉलरांवर ढिगाने लेख पाडत. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलने ‘पांडा’ नावाचा बदल केला, पोकळ पानं शोधनिकालात खाली ढकलली गेली आणि कारखान्यांचा जोर ओसरला. असोसिएटेड कंटेंट याहूने २०१० मध्ये विकत घेतलं होतं, ते २०१४ मध्ये बंदच झालं. मराठीत ही लाट उशिरा आली आणि तिच्या पाठोपाठ, नोव्हेंबर २०२२ मध्ये, चॅटजीपीटी येऊन उभं राहिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुगलने वाचकाच्या उपयोगी पडणाऱ्या मजकुराला वर आणणारा बदल केला होता आणि डिसेंबरमध्ये पानांचा दर्जा तपासण्याच्या निकषांत ‘अनुभव’ हा शब्द नव्याने घातला. मार्च २०२४ मध्ये घाऊक मजकूर तयार करून शोधनिकाल भरून टाकण्याविरुद्ध नियम आला. यंत्राने लिहिलेल्या मजकुरावर गुगलची सरसकट बंदी नाही. मजकूर कसा तयार झाला यापेक्षा तो कामाचा आहे की नाही हे आम्ही बघतो, असं त्यांनी २०२३ मध्येच स्पष्ट केलं आहे.

याचा लेखकाच्या खिशाशी संबंध असा: ‘केसगळतीवर दहा घरगुती उपाय’ छापाचा लेख आता कुणालाही मिनिटभरात, फुकट मिळतो. गुळगुळीत, शुद्ध, काही न सांगणारं गद्य स्वस्त झालं आहे. पैसे मिळतात ते कुणीतरी फोन उचलून, बाहेर पडून, विचारून आणलेल्या माहितीचे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लेख विकला जाईल की नाही हे माझ्या मते तो टाइप करायला घेण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं.

प्रश्न लोकांचा हवा

विषय सुचणं आणि प्रश्न सापडणं यांत मोठा फरक आहे. ‘ठिबक सिंचनाचे महत्त्व’ हा विषय झाला. ‘ड्रीपचं पाणी शेवटच्या झाडांना कमी का पडतं’ हा प्रश्न झाला. विषयावर निबंध होतो, प्रश्नावर लेख होतो आणि पैसे प्रश्नाला मिळतात.

प्रश्न शोधायची पहिली जागा गुगलचा शोधचौकोनच. दोन शब्द टाइप करून थांबा, खाली जे पर्याय उघडतात ते खऱ्या माणसांनी शोधलेलं असतं. शोधनिकालाच्या मध्ये ‘लोक हेही विचारतात’ अशा अर्थाचा एक चौकोन येतो, तोही उघडून बघा. पण मराठीत एवढ्यावर भागत नाही. आपली माणसं मराठी प्रश्न रोमन लिपीत टाइप करतात: ‘सातबारा’ हा शब्द देवनागरीत, इंग्रजी अक्षरांत, नुसता ‘७/१२’ असा आकड्यांत, नाहीतर थेट माइकवर बोलून, असा चारही वाटांनी शोधला जातो. शिवाय पुस्तकातला शब्द आणि तोंडातला शब्द वेगळे असतात. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘उत्सर्जकातील अवरोध’ असेल, पण शेतकरी ‘ड्रिपर चोकअप झालेत’ म्हणतो आणि तेच शोधतो. लेखाच्या शीर्षकात तोंडातला शब्द घ्या. तांत्रिक शब्द आत एकदा आला की पुरे.

दुसरी जागा गुगलपेक्षा चांगली आहे आणि तिथे लेखक क्वचित जातात: दुकानाचा काउंटर. कृषी सेवा केंद्र, सेतू केंद्र, बँकेतला कर्जाचा टेबल, रुग्णालयातली चौकशीची खिडकी. तिथल्या माणसाला ‘या विषयाबद्दल सांगा’ असं म्हणू नका, तो माहितीपत्रक हातात ठेवेल. ‘दिवसातनं सगळ्यात जास्त वेळा लोक काय विचारतात?’ असं विचारा. मग ‘आणि कोणती चूक करून येतात?’ हेही विचारा. या दोन प्रश्नांच्या उत्तरांत चार-पाच लेख सहज निघतात.

वेळेचंही एक गणित असतं. गणपतीत उकडीच्या मोदकांचा लेख पाठवणं म्हणजे वरातीमागून घोडं. खरेदीदाराला लेख तपासायला, चित्रं जोडायला, पानावर चढवायला वेळ लागतो आणि ते पान गुगलच्या नजरेत भरायला आणखी काही आठवडे जातात. सणाचा, हंगामाचा किंवा परीक्षेचा लेख दीड-दोन महिने आधी हातात द्यायचा, म्हणजे त्याची विचारणा त्याही आधी करायची. पगारदारांच्या प्राप्तिकर विवरणपत्राची धांदल जुलैत असते, त्यावरचा लेख मेमध्ये विकला जातो.

एक लेख जवळून

ठिबकचंच उदाहरण पुढे नेऊ. समजा, ठिबक संच विकणाऱ्या एका कंपनीला ड्रिपर चोकअप होण्यावर ८०० शब्दांचा लेख हवा आहे. असा लेख नेहमी कसा सुरू होतो ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे:

‘शेती हा आपल्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे. आजच्या काळात पाण्याचे महत्त्व अनन्यसाधारण असून ठिबक सिंचन ही काळाची गरज बनली आहे. मात्र ठिबक संचाची योग्य निगा राखणेही तितकेच महत्त्वाचे असते. चला तर मग, जाणून घेऊया याविषयी सविस्तर माहिती.’

चार वाक्यं झाली आणि शेतकऱ्याला नवीन काहीच कळलं नाही. त्याचा अंगठा तोवर पान वर सरकवून निघून गेलेला असतो. आता हे बघा:

‘ड्रिपरच्या तोंडाशी पांढरट, कडक थर दिसत असेल तर तो क्षारांचा आहे. त्यावर आम्लप्रक्रिया करावी लागते. थर हिरवट आणि बुळबुळीत असेल तर ते शेवाळ, त्याला क्लोरीनची प्रक्रिया लागते. दोन्ही एकाच वेळी करू नका, विषारी वायू तयार होतो. आधी लॅटरलचं शेवटचं टोक उघडून पाणी सोडा आणि बाहेर काय येतं ते बघा.’

दुसऱ्या परिच्छेदात भाषेचं कौशल्य फारसं नाही. पण ज्याने कधी लॅटरलचं, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळीचं, टोक उघडलेलं पाहिलं नाही किंवा पाहणाऱ्याशी जो बोलला नाही, त्याला तो लिहिता येणार नाही. ही माहिती कुठून येते? गावोगाव ड्रीप जोडणारा एखादा फिटर गाठायचा. त्याला विचारायचं, ‘दादा, शेतात गेल्या गेल्या आधी काय उघडून बघता?’ कसबी माणसाला सिद्धान्त विचारला तर तो गप्प होतो, हातांचा क्रम विचारला की बोलत सुटतो. आधी सँड फिल्टर, मग स्क्रीन फिल्टरची जाळी, मग सब-मेनचा फ्लश व्हॉल्व्ह, शेवटी लॅटरल. लेखाचा सांगाडा तोच तुम्हाला देतो.

पुढचा भाग मात्र फिटरच्या भरवशावर सोडू नका. आम्लप्रक्रियेत पाण्याचा सामू साधारण ४ पर्यंत खाली आणतात, द्रावण नळ्यांत भरून संच २४ तास बंद ठेवतात आणि मग चांगलं फ्लशिंग करतात, हा क्रम ठरलेला आहे. किती आम्ल लागेल हे मात्र प्रत्येक विहिरीच्या, बोअरच्या पाण्यावर अवलंबून असतं. त्यामुळे ‘एकरी इतके लिटर’ असा आकडा ठोकून देणारा लेख वाचकाचं नुकसान करू शकतो. सामू मोजायच्या कागदाने कसं तपासायचं ते लिहावं, आम्ल पाण्यात हळूहळू ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, हे ठळक लिहावं, हातमोजे आणि चष्म्याचं लिहावं, आणि सगळा भाग जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाला वाचून दाखवावा. त्यांचं नाव आणि हुद्दा लेखात देण्याची परवानगी मागा. आरोग्य आणि पैसा या विषयांवरच्या पानांना गुगल अधिक कडक निकष लावतं, आणि तज्ज्ञाने तपासलेला लेख खरेदीदाराच्या संपादकाला निर्धास्त करतो. दर वाढवून मागायला याच्याइतकं चांगलं कारण दुसरं नाही.

कंपनीचं नाव किती वेळा घ्यायचं? शेवटी एकदा, तेही संबंध असेल तर. काही ग्राहक प्रत्येक परिच्छेदात उत्पादन कोंबायला सांगतात. त्यांना समजावून बघा की जाहिरात ओळखली की वाचक पान बंद करतो. नाहीच पटलं तर त्यांचा पैसा, त्यांचं पान. पण त्या लेखाला स्वतःचं नाव लावू नका.

या सगळ्या खटपटीचा आणखी एक फायदा आहे. आजकाल बरेच खरेदीदार ‘एआयने लिहिलंय का?’ असं विचारतात, काही जण लेख तपासणीच्या यंत्रातून काढतात आणि त्या यंत्राच्या निकालावर पैसे अडवतात. तुमच्याकडे फिटरशी बोलताना घेतलेल्या नोंदी, फिल्टरच्या जाळीचा तुम्ही काढलेला फोटो आणि तज्ज्ञाचा ईमेल असेल तर वाद दोन मिनिटांत मिटतो. यंत्राची मदत घेतली असेल, समजा मुद्द्यांची यादी करायला किंवा शुद्धलेखन बघायला, तर ती आधीच सांगून टाका.

पडद्यावरचं वाचन

वेबवापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९७ मध्ये केलेल्या वाचक-चाचण्यांत ७९ टक्के लोक वेबपान वरवर चाळत होते आणि शब्दन् शब्द वाचणारे फक्त १६ टक्के होते. तेव्हा मोबाइलवरचं वाचन रूढही झालं नव्हतं. म्हणून उत्तर पहिल्या तीन वाक्यांत, तपशील नंतर, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी, तीही लागलीच तर. मराठी निबंधाच्या वर्गात आपण नेमकं याच्या उलट शिकलो आहोत. प्रस्तावना, विषयविस्तार आणि समारोप यांपैकी वेबलेखात मधलंच ठेवायचं. ‘आजच्या धावपळीच्या युगात’ हे शब्द ज्या लेखात आहेत तो लेख संपादक दुसऱ्या ओळीनंतर वाचत नाही, हे गृहीत धरा.

उपशीर्षकं अशी लिहा की नुसती ती वाचूनही काम भागावं. ‘महत्त्वाच्या बाबी’ हे उपशीर्षक काहीच सांगत नाही, ‘पांढरा थर कशामुळे येतो’ हे सांगतं. परिच्छेद तीन-चार वाक्यांचे. क्रमाने करायची कृती असेल तर आकडे घालून पायऱ्या, नसेल तर सरळ गद्य. प्रत्येक गोष्टीचे ठिपके पाडायची सवय लागली आहे लोकांना, तिने लेख वाण्याच्या यादीसारखा दिसतो.

आता थोडं देवनागरीचं. लेख युनिकोडमध्येच द्यायचा. हे सांगायची वेळ अजून येते, कारण डीटीपीच्या दुकानांतून श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर आजही येतो आणि वेबपानावर चिकटवला की त्याची इंग्रजी अक्षरांची आणि खुणांची खिचडी होते. सोपी परीक्षा: लेखातला एक परिच्छेद स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवा. तिथे नीट दिसला तर तो युनिकोड. ‘शेतकऱ्यांच्या’, ‘दुसऱ्या’ असे शब्द वेगळे तपासा, काही कळपाटांवर त्यातला ‘ऱ्य’ नीट बसत नाही आणि ‘शेतकर्यांच्या’ असं होऊन जातं. संपादकाला ही एकच गोष्ट शंभर ठिकाणी दुरुस्त करावी लागली तर पुढचं काम तो दुसऱ्याला देतो.

शीर्षकाच्या लांबीवरून एक गंमत होते. एसइओवाले ६० अक्षरांत शीर्षक आणि साधारण १५५ अक्षरांत वर्णन मागतात. हे माप इंग्रजीवरून आलं आहे. मराठीत ‘स्त्री’ हे डोळ्याला एकच अक्षर, पण संगणक त्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी अशा सहा खुणा मोजतो. त्यामुळे तुमचं छोटंसं शीर्षकही ग्राहकाच्या तक्त्यात लाल दिसतं. प्रत्यक्षात गुगल शीर्षक कापतं ते पडद्यावर मिळणाऱ्या रुंदीवरून. हे ग्राहकाला एकदा शांतपणे सांगा, आणि तरीही महत्त्वाचे शब्द शीर्षकाच्या सुरुवातीलाच ठेवा, म्हणजे कापलं तरी अर्थ उरतो.

शब्दसंख्येची अडचण याहून मोठी आहे, कारण तिथे पैसे जातात. मराठी प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून लिहिते. ‘घरांसमोरच्या’ एवढं म्हणायला इंग्रजीला चार-पाच शब्द लागतात. तीच माहिती, तेवढंच कष्टाचं काम, पण मराठीत शब्द कमी भरतात आणि शब्दाच्या दराने मानधनही कमी होतं. मग लेखक शब्द वाढवायला लागतो: ‘करतो’ऐवजी ‘करण्याचे काम करतो’, ‘वापरा’ऐवजी ‘वापर करणे आवश्यक ठरते’. लेख फुगतो, वाचक पळतो. यावर इलाज एकच, लेखाचा एकरकमी दर ठरवायचा.

विचारणा

पहिल्या ईमेलमध्ये आपला जीवनवृत्तान्त लिहू नये. खरेदीदाराला तीन गोष्टी हव्या असतात: तुम्ही कोणता प्रश्न सोडवणार, माहिती कुठून आणणार, आणि लेख कधी देणार. असा मजकूर पुरतो:

‘नमस्कार. तुमच्या संकेतस्थळावर ठिबकच्या देखभालीवर एक लेख आहे, पण ड्रिपर चोकअप झाल्यावर काय करायचं याचं उत्तर त्यात नाही. हंगाम सुरू होण्याआधी शेतकरी हाच प्रश्न विचारतात, असं आमच्या तालुक्यातले दोन कृषी सेवा केंद्र चालक सांगतात. मी यावर ८०० शब्दांचा लेख लिहू इच्छितो. एका फिटरशी आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाशी बोलून, स्वतः काढलेल्या चार फोटोंसह दहा दिवसांत देईन. याच क्षेत्रातले माझे दोन लेख सोबत जोडले आहेत. मानधन एकरकमी अपेक्षित आहे, आपला दर कळवावा.’

नमुने त्याच क्षेत्रातले हवेत. तुमची कविता कितीही चांगली असली तरी ठिबकवाल्याला तिचा उपयोग नाही. अजून काहीच छापलं गेलं नसेल तर दोन नमुना लेख स्वतःहून लिहून ठेवा, तेवढी गुंतवणूक करावीच लागते. पण ‘ट्रायल’ म्हणून प्रत्येक नव्या ग्राहकाला हजार शब्द फुकट लिहून देऊ नका. दोनशे शब्दांत माणूस ओळखता येतो आणि ज्याला येत नाही त्याला दोन हजारांतही येणार नाही.

जमेल तर एकच क्षेत्र धरा. शेतीवर, मधुमेहावर, गृहकर्जावर आणि गोव्याच्या सहलीवर एकाच आठवड्यात लिहिणारा लेखक चारही ठिकाणी उपरा राहतो. एकाच क्षेत्रात दहा लेख झाले की फोन करायला माणसं ओळखीची होतात, प्रश्न आपोआप कळायला लागतात आणि लेखामागचे तास कमी होतात. उत्पन्न वाढतं ते इथे.

हक्क आणि पैसे

लेखाची मालकी कुणाची? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे लेखाचा पहिला मालक लेखकच असतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर, वेगळा करार नसल्यास, मालक तुमचा मालक. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचा हक्क दुसऱ्याकडे जायला लेखी, सहीचा करार लागतो. कलम १९ प्रमाणे त्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. हे माहीत असलेला लेखक वाटाघाटीत वेगळा दिसतो.

इंग्रजीतल्या कॉन्स्टंट कंटेंटसारख्या बाजारात हक्कांचे तीन प्रकार चालतात: नुसता वापराचा परवाना, एकाच खरेदीदाराला विकण्याचा परवाना आणि सगळे हक्क. किंमत त्या क्रमाने चढते. मराठीत बहुतेक एजन्सी सगळे हक्क घेतात आणि नावही देत नाहीत. त्यात वावगं काही नाही, पण मग दोन गोष्टी मागून घ्या: दर चढा असावा आणि लेख नमुना म्हणून खाजगीत दाखवायची मुभा लेखी असावी. सगळे हक्क विकलेला लेख थोडा फिरवून दुसरीकडे विकणं हा करारभंग आहे. तुमच्या नोंदींवर, तुमच्या ओळखीच्या फिटरवर मात्र कुणाचा हक्क नाही. त्याच माहितीतून वेगळ्या प्रश्नावर नवा लेख लिहायला तुम्ही मोकळे आहात.

दराचं बोलताना आपण ताकाला जाऊन भांडं लपवतो. सरळ बोला. साधा हिशेब करा: शब्दाला १ रुपया दराने ८०० शब्दांचे ८०० रुपये. बोलणं, जाणं-येणं, लिहिणं, दुरुस्त्या मिळून आठ तास गेले तर तासाला १०० रुपये पडले. हे परवडतं का ते तुम्ही ठरवा, पण आकडा मांडून ठरवा. ठरलेला दर, तारीख, किती वेळा दुरुस्ती करून देणार (माझ्या मते दोनदा, त्यापुढे वेगळे पैसे), पैसे किती दिवसांत मिळणार आणि लेख नाकारला तर काय, एवढं एका ईमेलमध्ये लिहून समोरच्याचं ‘ठीक आहे’ मिळवा. नव्या ग्राहकाकडून निम्मे पैसे आधी मागायला संकोच करू नका.

कंपन्या व्यावसायिक शुल्क म्हणून पैसे देताना सहसा १० टक्के टीडीएस कापतात. त्यासाठीची वार्षिक मर्यादा एप्रिल २०२५ पासून ५० हजार रुपये झाली आहे. कापलेले पैसे बुडत नाहीत. ते तुमच्या पॅनवर जमा झाले का हे फॉर्म २६एएसमध्ये बघा आणि विवरणपत्र भरताना हिशेबात धरा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीच्या नोंदणीची गरज सहसा पडत नाही, तरी एखादी एजन्सी नंबर मागेल, तेव्हा गोंधळू नका. परदेशातल्या मराठी मंडळांची किंवा अमेरिकेतल्या कंपन्यांची कामं मिळाली तर अमेरिकेतले ग्राहक डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म भरायला सांगतात, तुम्ही तिथले करदाते नाही हे त्यात जाहीर करायचं असतं. पेपालने भारतातल्या भारतात पैसे पाठवण्याची सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली आहे. इथल्या ग्राहकाला बँक खात्याचा किंवा यूपीआयचा तपशील द्या, परदेशातल्याला पेपाल चालतं.

पहिल्या लेखाचे पैसे आले की बहुतेक लेखक नवा ग्राहक शोधायला निघतात. त्याआधी जुन्याच ग्राहकाचं संकेतस्थळ उघडून बसा. सरकारी योजना, कराचे टप्पे, परीक्षांच्या तारखा, कर्जाचे दर यांवरचे लेख वर्षभरात शिळे होतात आणि शिळं पान हळूहळू खाली घसरतं. त्यांची यादी करा, प्रत्येकासमोर काय बदललं ते एका ओळीत लिहा आणि दुरुस्तीसाठी नव्या लेखाच्या निम्मा दर सांगा. माहितीची माणसं ओळखीची असल्याने तुमचे तास निम्म्याहून कमी लागतात, आणि ग्राहकाला चालू पान पुन्हा वर आणायला नवं पान उभं करण्यापेक्षा स्वस्त पडतं. जानेवारीत अशी यादी पाठवली तर वर्षभराचं काम एका बैठकीत ठरतं.